माशांच्या दृष्टिपटलातील दैनिक लय

दिवस आणि रात्र यांच्या फेऱ्यानुसार माशांच्या दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतील प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातील) पेशींची लांबी, जागा, परस्परजोडणी आणि रासायनिक क्रिया यांत रोज ठरावीक क्रमाने होणाऱ्या बदलांना दृष्टिपटलातील दैनिक लय म्हणतात. माणसाची बाहुली उजेडात आकसते व अंधारात पसरते. बहुसंख्य अस्थिमत्स्यांची बाहुली मात्र जवळजवळ स्थिर असते आणि डोळ्याला पापणीही नसते. त्यामुळे डोळ्यात शिरणारा उजेड अडवण्याचे किंवा वाढवण्याचे काम दृष्टिपटलालाच आतून करावे लागते.

उजेडात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपला मानेसारखा भाग आखडून प्रकाशाच्या दिशेने पुढे येतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी त्याच वेळी लांब होऊन मागे सरकतात, आणि दृष्टिपटलामागील रंजक अस्तराच्या पेशींतील काळे मेलॅनिनकण त्यांच्या लांब तंतूंमध्ये पसरून या दंडपेशींच्या टोकांभोवती गडद आवरण तयार करतात. अंधारात सारे उलटे होते: कण माघारी गोळा होतात, दंडपेशी आखडून पुढे येतात आणि शंकुपेशी लांबून मागे जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बेथ बर्नसाइड यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की शंकुपेशी लांबताना सूक्ष्मनलिकांचा (पेशीला आधार देणाऱ्या बारीक प्रथिननळ्यांचा) आणि आखडताना अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचा, म्हणजे स्नायूंत असणाऱ्याच यंत्रणेचा, आधार घेतला जातो.

या हालचालींना प्रकाश आणि अंतर्गत घड्याळ (शरीरातील आपोआप वेळ राखणारी यंत्रणा) असे दोन स्वतंत्र चालक आहेत, आणि लेखनात त्यांची गल्लत फार होते. वेल्श आणि ऑस्बर्न यांनी 1937 मध्ये बुलहेड या अमेरिकी मार्जारमीनाला अखंड अंधारात ठेवून पाहिले, तेव्हाही शंकुपेशींची दैनिक हालचाल टिकून राहिली. म्हणजे उजेडाची खूण नसतानाही पेशी वेळ पाळत होत्या. इतर माशांवरील पुढील अभ्यासांतही घड्याळाचा प्रभाव शंकुपेशींवर ठळक आढळला, तर दंडपेशी व रंजककण प्रत्यक्ष उजेड-अंधारावर अधिक अवलंबून दिसले. रासायनिक पातळीवर दिवस असल्याचा संदेश डोपामीन देते व रात्र असल्याचा मेलाटोनिन; ही दोन्ही शरीरातील संदेशवाहक रसायने आहेत. डोपामीनमुळे शंकुपेशी आखडतात आणि रंजककण पसरतात, तर पेशीतील चक्रीय एएमपी या, पेशीच्या आत संदेश पोहोचवणाऱ्या रेणूचे प्रमाण वाढले की अंधारातली स्थिती येते.

लांबी बदलणे हा या लयीचा एक भाग झाला. गोल्डफिशमध्ये दंडपेशी आपल्या बाह्यखंडाच्या (प्रकाश टिपणाऱ्या, पातळ पटलचकत्यांच्या भागाच्या) टोकाकडील जुन्या चकत्या उजेड सुरू झाल्यावर लवकरच टाकतात, शंकुपेशी मात्र त्या अंधार पडल्यानंतर टाकतात, असे 1978 मध्ये नोंदवले गेले. टाकलेल्या चकत्या रंजक अस्तर गिळून पचवते. त्याच माशावरील 2008 च्या संशोधनात असे आढळले की दंड व शंकू यांच्यातील विद्युत-जोडणी दिवसा क्षीण आणि रात्री बळकट असते आणि ती घड्याळाच्या ताब्यात असते, त्यामुळे रात्री दंडपेशींचे संकेत शंकुपेशींपर्यंतही पोहोचतात. कार्पमध्ये क्षितिजसमांतर पेशींची (शेजारच्या शंकुपेशींना आडवे जोडणाऱ्या चेतापेशींची) बारीक काटेरी टोके उजेडात शंकुपेशींच्या तळात घुसतात आणि अंधारात मागे घेतली जातात.

विदर्भाच्या दृष्टीने हा विषय परका नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांत, ज्यांना गावोगाव मामा तलाव म्हणतात, आणि लहान बोड्यांत (छोट्या तळ्यांत) वाढवले जाणारे रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस (कॉमन कार्प) हे गोल्डफिशच्याच कुलातले आहेत. साधारण 19 ते 21.5 अंश उत्तर अक्षांशांच्या या पट्ट्यात नागरी संधिप्रकाश (सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांपर्यंत असतानाचा उजेड) जेमतेम 22 ते 25 मिनिटे टिकतो. दृष्टिपटलाची पूर्ण उलटापालट मात्र जातीनुसार अर्धा ते एक तास, कधी त्याहून अधिक घेते. तांबडे फुटण्याआधीच शंकुपेशींनी हालचाल सुरू करणे किती सोयीचे आहे, हे या हिशेबावरून ध्यानात येते. पावसाळ्यात बंधाऱ्याला येणारे गढूळ पाणी निळा प्रकाश आधी गिळते आणि खोलवर तांबूस प्रकाश अधिक उरतो. गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या दंडपेशींत साध्या रोडॉप्सिनऐवजी पॉर्फिरॉप्सिन हे प्रकाश शोषणारे रंजक असते, ज्याचे शोषण-शिखर (सर्वाधिक शोषण होणारी तरंगलांबी) 500 ऐवजी 520 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्याच्या बाजूला सरकलेले असते.

ढीवर मच्छीमार संध्याकाळी लावलेले जाळे पहाटे काढतात. अशा जाळ्यातला मासा केव्हा अडकला, केव्हा मेला आणि काढताना त्याच्यावर टॉर्चचा उजेड किती वेळ होता हे सांगता येत नाही, त्यामुळे बाजारातून आणलेल्या माशाच्या डोळ्याचा छेद घेऊन लयीविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते, जरी रचना शिकवण्यासाठी असे छेद उत्तम असले तरी. लय अभ्यासायची तर जिवंत मासे ठरलेल्या उजेड-अंधाराच्या वेळापत्रकावर काही दिवस ठेवावे लागतात, अंधारातील नमुने अतिशय मंद तांबड्या किंवा अवरक्त प्रकाशात हाताळावे लागतात, आणि डोळा काढल्याची नेमकी वेळ नोंदवून तो तत्काळ स्थिरीकरण द्रावात (ऊती आहे त्या स्थितीत टिकवणाऱ्या द्रावात) टाकावा लागतो. याशिवाय एक गट अखंड अंधारात ठेवणे अनिवार्य आहे, कारण तो नसेल तर दिसलेला बदल प्रकाशाचा की घड्याळाचा हे ठरवता येत नाही.