रॉडवरचे दीड हजार वॉट

डिसेंबरात गावी गेलं की अंघोळीचं पाणी रॉडवर तापतं. रॉडवर छापलंय: 230 व्होल्ट, 1500 वॉट. शहरात याच रॉडने 15 लिटरची बादली वीस-बावीस मिनिटांत कढत होते. गावी अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच. (बोट घालून बघायचं ते पिन काढल्यावरच!) मला वाटलं, रॉड गेला.

वायरमन आला आणि त्याने टाँग टेस्टर काढला, म्हणजे वायरभोवती जबडा लावून तिच्यातला प्रवाह मोजणारा मीटर. मी उत्साहाने रॉडची सबंध केबल टेस्टरच्या जबड्यात धरली, तर आकडा शून्य. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. त्याने बोर्ड उघडून फेजची एकटी वायर धरली, तेव्हा 5.1 अँपिअर दिसले. व्होल्टेज होतं 180.

आता शाळेतलं गणित. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो: 180 भागिले 5.1, म्हणजे साधारण 35.3 ओहम. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती: 918 वॉट. छापील आकड्यांवरून काढा. 1500 भागिले 230 म्हणजे 6.5 अँपिअर, आणि रोध पुन्हा 35.3 ओहमच. रॉड ठणठणीत होता. आतली नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध जेमतेम बदलतो, म्हणून रॉडचा स्वतःचा म्हणावा असा आकडा हा 35 ओहमचा. दीड हजार वॉट हे फक्त 230 व्होल्ट मिळाले तर.

व्होल्टेज घटलं की प्रवाहही त्याच प्रमाणात घटतो आणि गुणाकारात दोघांचाही फटका बसतो. म्हणून व्होल्टेज 22 टक्के कमी, पण शक्ती जवळजवळ 39 टक्के कमी. वीस अंशांचं पाणी पन्नासवर न्यायला 21 मिनिटांऐवजी 34 मिनिटं. मीटरवर मात्र दोन्हीकडे साधारण अर्धाच युनिट पडतो, कारण पाण्याला उष्णता तेवढीच लागते. विहिरीवरच्या मोटरचं उलटं असतं: व्होल्टेज पडलं तरी पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग ती जास्त अँपिअर ओढते आणि जळते.

जाता जाता वायरमनने पिन दाखवली. एक खुंट काळवंडलेला, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडलेलं. ढिल्या सॉकेटमध्ये अर्धा ओहम रोध जरी आला, तरी 6.5 अँपिअरच्या वर्गाला त्याने गुणा: 21 वॉट. छोटं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं! आणि हे सगळं हरभऱ्याएवढ्या जागेत. शिवाय सॉकेट 6 अँपिअरचं. रॉड 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा, हे आम्ही तोवर मनावरच घेतलं नव्हतं.

हाच हिशेब जुन्या 100 वॉटच्या पिवळ्या बल्बला लावला, तर रोध येतो 529 ओहम. पण माळ्यावरचा गार बल्ब मल्टिमीटरला लावा, जेमतेम 40 ओहम दिसतील. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार पांढरी होईतो तापते तेव्हा तिचा रोध बारा-तेरा पट होतो. बटण दाबलं त्या क्षणी ती गारच असते, आणि 0.43 ऐवजी पाच-सहा अँपिअरचा झटका खाते. बल्ब बहुधा लावतानाच का उडायचे, ते या 40 ओहमांमुळे.