एकच शोध, दोन क्रम : फरकाची पार्श्वभूमी

शेजारी बसलेल्या दोघांनी एकाच वेळी गूगलवर तेच शब्द टाइप केले, तरी निकालांचा क्रम पुष्कळदा जुळत नाही. कारण विचारले की हल्ली बहुतेक जण वैयक्तिक माहितीकडे बोट दाखवतात. प्रत्यक्षात हा फरक त्याहून जुना आहे.

२००३ च्या मध्यापर्यंत गूगलची वेबपानांची सूची साधारण महिन्यातून एकदा नव्याने तयार होत असे. ती सर्व डेटा सेंटरांत, म्हणजे गूगलच्या ठिकठिकाणच्या संगणक-केंद्रांत, पसरायला काही दिवस लागत. तेवढ्या काळात ज्याची विनंती नवी सूची पोहोचलेल्या केंद्राकडे जाई त्याला नवा क्रम दिसे आणि इतरांना जुनाच. संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी या चलबिचलीला ‘गूगल डान्स’ असे नाव दिले होते. बारोझो, डीन आणि होल्झल या गूगलच्याच अभियंत्यांनी २००३ साली या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानुसार १५,००० हून अधिक साधे संगणक हे काम करत. सूचीचे तुकडे पाडलेले असत, प्रत्येक तुकड्याच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर असत, आणि शोधाला उत्तर कोणत्या प्रतीकडून मिळेल हे त्या त्या क्षणी ठरे.

जून २०१० मध्ये ‘कॅफीन’ ही रचना आली आणि सूची अखंड, थोडी थोडी बदलू लागली. महिन्याकाठचा मोठा हेलकावा त्याआधीच थांबला होता. आता मात्र दोन शोधांमधल्या काही मिनिटांतही सूची तीच राहील याची खात्री उरली नाही. शिवाय, एखाद्या तुकड्याचे उत्तर यायला फार उशीर झाला तर त्याच्याविनाच निकाल पाठवणे अशा मोठ्या यंत्रणांमध्ये स्वीकारार्ह मानले जाते, कारण किंचित अपुरे पण तत्पर उत्तर वाचणाऱ्याला अधिक उपयोगी पडते.

वैयक्तिक निकाल, म्हणजे शोधणाऱ्यानुसार बदलणारे निकाल, अनेक यंत्रांच्या या पायावर २००३ नंतर चढले. २००५ पासून ते लॉग-इन केलेल्यांपुरते होते. डिसेंबर २००९ मध्ये ते सर्वांना लागू झाले आणि लॉग-इन न करणाऱ्यांसाठी ब्राउझरमधील कुकीच्या (संकेतस्थळाने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीच्या) आधारे १८० दिवसांपर्यंतचे शोध विचारात घेतले जाऊ लागले.

मग कोणता फरक कशामुळे पडतो, हे कसे ओळखायचे? अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली योजलेली पद्धत मला आजही आदर्श वाटते. २०० जणांच्या प्रत्येक शोधाबरोबर त्यांनी तोच शोध कोणताही इतिहास नसलेल्या दोन कोऱ्या ब्राउझरांतूनही घेतला. कोऱ्या जोडीत आपसांत दिसणारा फरक हा यंत्रणेचा, आणि त्याहून जास्त दिसेल तेवढाच व्यक्तीमुळे पडलेला, असे त्यांनी धरले. असा व्यक्तिसापेक्ष फरक सरासरी ११.७ टक्के निकालांत आढळला, आणि तो ठळकपणे दोनच गोष्टींशी जोडता आला : लॉग-इन केलेले खाते आणि शोध जिथून घेतला त्या जागेचा आयपी पत्ता, म्हणजे तिथल्या इंटरनेट-जोडणीचा क्रमांक. कोऱ्या ब्राउझरांची जोडीसुद्धा मात्र प्रत्येक वेळी तंतोतंत जुळली नव्हती.