जांगड आणि उधारी: हिरे बाजारात नातं नक्की कुठे कामी येतं?

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये हिऱ्यांची पुडी एका कंपनीकडून दुसरीकडे जाते, पण पैसे लगेच मिळतातच असं नाही. बाहेरच्याला वाटतं, माल उधारीवर गेला. बरेचदा तो जांगडवर गेलेला असतो.

जांगडवर दिलेला माल विकलेला नसतो. समोरच्याने तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, जमलं तर सौदा, नाहीतर पुडी परत. सोबतच्या चिठ्ठीवर वजन, दर आणि मालकी देणाऱ्याचीच असल्याची ओळ असते. त्या ओळीचं मोल मोठं आहे. घेणारी कंपनी बुडाली, तर 2016 च्या दिवाळखोरी कायद्यानुसार तिच्याकडे ठेवायला दिलेला दुसऱ्याचा माल तिच्या मालमत्तेत धरत नाहीत. उधारीत मात्र माल विकला गेलेला असतो. देणाऱ्याकडे उरतं फक्त येणं, आणि वसुलीत तो तारण घेतलेल्या बँकेच्या मागे उभा राहतो.

मग तारणाशिवाय दोन-तीन महिन्यांची उधारी कोण कोणाला देतं? पालनपुरी जैन आणि काठियावाडी पटेल घराणी या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एक भाऊ बेल्जियममधल्या अँटवर्पला कच्चा माल घेतो, दुसरा सुरतेत पैलू पाडून घेतो, तिसरा मुंबईत विकतो. कागदावर कंपन्या वेगळ्या, पत मात्र घराण्याची. मागच्या मंदीत कुणी कुणाचे पैसे थकवले, हे ताळेबंदाआधी लग्नाच्या पंगतीत कळतं. आणि बुडवणाऱ्याला दलाल माल दाखवेनासे होतात, घरातल्या मुलांच्या सोयरिकी अडतात. असं तारण कोणत्याही बँकेकडे नाही.

याची दुसरी बाजू मला जास्त खुपते. हुशार पण बिननात्याच्या व्यापाऱ्याला बहुतेक वेळा दलालाच्या ओळखीवर जांगडच मिळतं. उधारीसाठी वर्षानुवर्षं नाव कमवावं लागतं. शिवाय नात्यातच उधारी फिरत राहिली, की एक पेढी बसली तर तिच्यापाठोपाठ चुलत्याची आणि मेव्हण्याचीही हलते.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे "घरचाच आहे, चिठ्ठी कशाला?" हे वाक्य. चिठ्ठी नसेल तर माल जांगडवर दिला होता की विकला होता, हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणून भावाला पुडी देतानाही वजन, दर, तारीख लिहून सही घ्या. माल त्याने ठेवून घेतला, तर त्याच दिवशी बिल करा. जीएसटीतही पसंतीसाठी पाठवलेल्या मालाचं बिल जास्तीत जास्त 6 महिन्यांत करावंच लागतं, घेणारा सख्खा भाऊ असला तरी.