क्रॅमएफएस आणि स्क्वॅशएफएस: बाइटक्रमाचा घोळ कुठे होतो?

दोन्ही लिनक्सच्या फाइलसिस्टिम, म्हणजे फाइली साठवण्याच्या पद्धती, दोन्ही फक्त वाचता येणाऱ्या आणि दोन्हींत डेटा दाबून भरलेला. इंटेलच्या लॅपटॉपवर इमेज (अख्खी फाइलसिस्टिम भरलेली एक फाइल) बनवून तिथेच माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली, तर बाइटक्रमाबाबत दोघींत काही फरक आहे याची शंकाही येत नाही. इंटेलचा प्रोसेसर लिटल-एंडियन, म्हणजे संख्येचा सर्वांत हलका बाइट आधी ठेवणारा. क्रॅमएफएस म्हणते, यंत्राचा क्रम तोच माझा. स्क्वॅशएफएस म्हणते, मी कायम लिटल. इथे दोन्हींचं उत्तर एकच येतं.

इमेज बिग-एंडियन, म्हणजे सर्वांत वजनदार बाइट आधी ठेवणाऱ्या, यंत्रावर नेली की फरक उघडा पडतो. ३२ बिटांतला ४०९६ हा आकडा उलट वाचला तर १०,४८,५७६ होतो. म्हणून सुरुवातीची ओळखखूण उलटी दिसताच कर्नल (लिनक्सचा गाभा) बाइटक्रम चुकल्याचं सांगून क्रॅमएफएसची इमेज माउंट करायला नकार देतो.

मग बाइट उलटवून का घेत नाही? कारण नुसतं उलटवून भागत नाही. क्रॅमएफएसने जागा वाचवण्यासाठी फाइलचा आकार २४ बिटांत आणि गट क्रमांक ८ बिटांत असे एकाच ३२ बिटांच्या आकड्यात कोंबलेत; दुसऱ्यात नावाची लांबी ६ बिट, स्थान २६. हे बिटफील्ड, म्हणजे आकड्यातले बिटांचे कप्पे, कोणत्या टोकापासून भरायचे, तेही यंत्रागणिक बदलतं. मला तरी ही काटकसर महागात पडलेली वाटते. त्यापेक्षा इमेज बनवतानाच एमकेएफएस डॉट क्रॅमएफएस या इमेज बनवणाऱ्या प्रोग्रामला, इमेज जिथे वापरायची त्या यंत्राचा क्रम सांगणं सोपं. तसा पर्याय त्यात आहे.

स्क्वॅशएफएसही आधी अशी नव्हती. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत इमेज कोणत्याही क्रमात असे आणि जुळलं नाही तर कर्नल उलटवून घेई. चौथी आवृत्ती २००९ साली लिनक्स २.६.२९ मध्ये आली, ती फक्त लिटल-एंडियन. बिग-एंडियन यंत्राला प्रत्येक आकडा उलटवावा लागतो, पण डेटा उलगडण्याच्या कामापुढे तो खर्च किरकोळच. इमेजची पहिली चार अक्षरं ‘एचएसक्यूएस’ऐवजी ‘एसक्यूएसएच’ दिसली तर ती जुनी बिग-एंडियन इमेज समजा. आजचा कर्नल ती घेणार नाही. अनस्क्वॅशएफएस या प्रोग्रामने उलगडून पुन्हा बांधावी लागेल.

हा सगळा घोळ सुपरब्लॉक (अख्ख्या इमेजची माहिती), आयनोड (एकेका फाइलची माहिती) अशा नोंदींचा आहे. दाबलेल्या डेटाला तो लागू नाही, कारण डेटा दाबणाऱ्या झेडलिब या लायब्ररीचा प्रवाह सगळीकडे बाइटन्‌बाइट सारखाच असतो. गंमत म्हणजे त्या प्रवाहाच्या शेवटची चेकसम (डेटा बिघडला नाही ना हे तपासायचा आकडा) बिग-एंडियन असते, अगदी लिटल-एंडियन इमेजमध्येसुद्धा.