आधी खुर्ची, मग व्यवसाय : समुपदेशकाच्या पदाची पार्श्वभूमी

कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट हमखास चकित करते. तो येतो न्यायाधीशांपुढे उभे राहायच्या तयारीने, आणि त्याला आधी पाठवले जाते एका लहानशा खोलीत. दारावर पाटी असते 'विवाह समुपदेशक'. आत टेबल, फायलींचा गठ्ठा, नवऱ्यासाठी एक खुर्ची, बायकोसाठी एक. वकील बाहेर बाकावर. टेबलापलीकडची व्यक्ती बहुतेक वेळा मानसशास्त्र शिकलेली नसते, समाजकार्य शिकलेली असते. या एका तपशिलात आपल्याकडच्या समुपदेशन व्यवसायाचा बराचसा इतिहास आहे. आपल्याकडे खुर्ची आधी तयार झाली, तिच्यावर बसायला कोण लायक हे नंतर शोधले गेले, आणि तो शोध अजून चालू आहे.

मूळ कथा अमेरिकेतली. १९०८ साली बॉस्टनमध्ये कामधंदा शोधणाऱ्या तरुणांसाठी एक केंद्र निघाले. तुला काय जमते, बाजारात कोणती कामे आहेत आणि या दोहोंची सांगड कशी घालायची, एवढाच त्याचा हिशेब होता. मनाच्या जखमा वगैरे भाषा तिथे नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक नागरी आयुष्यात परतले, त्यांना शिक्षण, नोकरी आणि घर यांत पुन्हा बसवायचे होते. त्या रेट्यात हे मार्गदर्शन मानसशास्त्राच्या जवळ सरकले. १९५१ साली शिकागोजवळच्या एका विद्यापीठात भरलेल्या परिषदेत 'काउन्सेलिंग सायकॉलॉजी' या नावावर शिक्कामोर्तब झाले. आजारी मनावर उपचार करणारे ते क्लिनिकल, आणि धडधाकट माणसाला आयुष्याच्या अडचणीत साथ देणारे ते समुपदेशक, अशी वाटणी तेव्हा कागदावर तरी स्वच्छ दिसत होती.

आपल्याकडचा पहिला टप्पाही करिअर मार्गदर्शनाचाच, आणि त्यात मुंबई पुढे होती. १९३८ साली कलकत्ता विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग निघाला; १९४१ पासून मुंबईत खासगी व्यवसाय मार्गदर्शन केंद्रे दिसू लागली, आणि १९५० साली तत्कालीन मुंबई सरकारने स्वतःचे केंद्र उघडले. त्याआधी १९३७ साली समाजकार्याच्या नव्याने निघालेल्या शाळेला जोडून मुंबईत बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू झाले होते. म्हणजे मानसशास्त्र आणि समाजकार्य हे दोन्ही प्रवाह सुरुवातीपासून शेजारी वाहत होते. १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा असे सुचवले. शिफारस माफक होती, तरी कागदावरच राहिली. पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, राज्यातल्या दहावीच्या मुलांची सरसकट कलचाचणी झाली तेव्हा बॉस्टनचा तोच जुना हिशेब संगणकावर चढला होता. निकाल हातात पडल्यावर त्याच्याबद्दल बोलायला शाळेत माणूस मात्र क्वचितच होता.

आता 'समुपदेशन' या शब्दाबद्दल. हिंदीने 'परामर्श' घेतला, मराठीने 'समुपदेशन', आणि त्यात 'उपदेश' अक्षरशः बसलेला आहे. अमेरिकेत १९४२ साली ज्या पुस्तकाने समुपदेशनाची दिशा बदलली त्याचा गाभाच असा, की सल्ला देऊ नका, दिशा दाखवू नका, समोरच्याचे ऐका. वाट त्याची त्याला सापडेल. इथे शब्दच उलटे सांगतो. 'सम्' हा उपसर्ग समतेचा, म्हणजे बरोबरीच्या नात्याने केलेला उपदेश, असा खुलासा प्रशिक्षण वर्गात पहिल्याच दिवशी केला जातो. मला तो कधी पटला नाही. बरोबरीने केला तरी उपदेश तो उपदेशच. पण खरे सांगायचे तर शब्द आपल्या लोकांच्या अपेक्षेशी प्रामाणिक आहे. 'मॅडम, तुम्हीच सांगा आता काय करू' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा समुपदेशक महाराष्ट्रात नसेल.

आणखी एक गंमत. मराठी मध्यमवर्गात जी पद्धत सर्वांत खोल रुजली ती शांतपणे ऐकणारी नव्हे, वाद घालणारी. न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास मांडली गेलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९६० च्या दशकाअखेरीस मुंबईतल्या एका मराठी मानसशास्त्रज्ञाने थेट तिच्या जनकाशी पत्रव्यवहार करत शिकून घेतली आणि मराठीत आणली. घटना तुम्हाला त्रास देत नाही, घटनेबद्दलचा तुमचा अविवेकी समज देतो: ही मांडणी सुधारकी वाचन असलेल्या घरांना परकी वाटली नाही. पुढे व्याख्याने, शिबिरे, दिवाळी अंक यांतून ती इतकी पसरली, की अनेकांच्या लेखी समुपदेशन म्हणजे तीच.

शब्दाची घसरण मात्र वेगळीच आहे. आज वैद्यकीय प्रवेशाच्या जागावाटपालाही 'काउन्सेलिंग राउंड' म्हणतात. फोन उचलून प्रवेश खपवणारी मुलगी 'काउन्सेलर', कर्जाचे हप्ते थकल्यावर बोलावणारा 'आर्थिक समुपदेशक'. शब्द कुणाच्याच मालकीचा नसला की असे होते. तो मालकीचा का झाला नाही, याचे उत्तर १९८४ नंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत आहे.

१९८४ हे वर्ष दोनदा महत्त्वाचे. मुंबईच्या पोलिस आयुक्तालयात, समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेच्या पुढाकाराने, हिंसाग्रस्त महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. त्याच वर्षी संसदेने कौटुंबिक न्यायालयांचा कायदा केला. १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालये उभी राहिली. कायद्याने पक्षकाराचा वकील उभा करण्याचा हक्क काढून घेतला, तडजोडीचा प्रयत्न करणे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले, आणि समुपदेशकांची संख्या व प्रकार ठरवायचे काम उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकारकडे दिले. अनेक राज्यांनी मानधनावर माणसे बोलावून वेळ मारून नेली; महाराष्ट्राने पगारी पद तयार केले, आणि त्यासाठी पात्रता धरली ती समाजकार्याची. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. हुंडा, सासर, दारू, भाड्याची खोली आणि पोटगी एकाच टेबलावर येतात तिथे निव्वळ चाचण्या घेता येणाऱ्या माणसाचे काम नव्हते. मानसशास्त्राच्या विभागांना हे रुचले नाही, पण त्यांच्याकडेही तेव्हा दांपत्यासमोर बसायचे प्रशिक्षण फारसे नव्हते.

दुसरी मोठी भरती एचआयव्हीने केली. १९९७ पासून स्वेच्छा तपासणी केंद्रे निघाली, पुढे ती एकात्मिक केंद्रे झाली आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचली. ती खोली ज्याने पाहिली आहे त्याला ती विसरता येत नाही. टेबलावर फ्लिपचार्ट, कंडोमच्या प्रात्यक्षिकासाठी लाकडी मॉडेल, कुलूपबंद कपाटात रजिस्टरे, दाराला पडदा. तपासणीआधी बोलायचे, संमती घ्यायची, रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलायचे. गरोदर बाई एकटी आत येते आणि बाहेर सासू बसलेली असते. रिपोर्ट आधी कुणाला सांगायचा हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न इथे दहा मिनिटांत सोडवावा लागे. या पदासाठी मानसशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र, इतकेच काय मानववंशशास्त्राची पदवीही चालत असे. नेमणूक कंत्राटी. देशात समुपदेशनाचे सर्वांत शिस्तशीर काम याच लोकांनी केले, आणि व्यवसायाच्या इतिहासात त्यांना जेमतेम एक ओळ मिळते.

हे सगळे चालू असताना कायदा भलत्याच दारातून आत आला. १९९२ चा पुनर्वसन परिषदेचा कायदा अपंगांसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी व्हावी म्हणून केला गेला. त्याच्या यादीत वाचा-श्रवणतज्ज्ञ, श्रवणयंत्र आणि कानाचे साचे बनवणारे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक यांच्या रांगेत क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ बसवला गेला. पुनर्वसन मानसशास्त्रज्ञही आहे. समुपदेशक आहे तो अपंगांना नोकरीधंद्याबाबत किंवा पुनर्वसनाबाबत मार्गदर्शन करणारा. नोंदणीविना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. परिणाम असा, की मानसशास्त्रातल्या एका शाखेला कायद्याचे कवच मिळाले आणि बाकीच्यांना ना बंधन ना संरक्षण.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही फट बुजवायची संधी होती. त्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या संज्ञेत मनोविकारतज्ज्ञ घेतला. राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी होणारे क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते घेतले. आयुर्वेदातल्या मनोविज्ञान व मानसरोग विषयाचे, तसेच होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध पद्धतीतल्या संबंधित विषयांचे पदव्युत्तर डॉक्टरही घेतले. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करून दहा वर्षे काम केलेली व्यक्ती या व्याख्येत नाही. समर्थक म्हणतात, हा कायदा मानसिक आजार, दाखल करणे आणि रुग्णाचे हक्क यांचा आहे, समुपदेशनाचा त्याच्याशी संबंध नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारे मूल आधी शाळेच्या समुपदेशकाकडेच जाते, मनोविकारतज्ज्ञाकडे नंतर. १९५१ मधली ती स्वच्छ रेघ प्रत्यक्षात कधीच नव्हती, आणि आपण तिच्यावर कायदा बांधला. दुसरी बाजूही सांगायला हवी: या मोकळ्या मैदानाचा फायदा महिनाभराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून तासाला हजारो रुपये घेणाऱ्यांनीही उचलला.

२०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी आलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने पहिल्यांदा या बाकीच्यांचे नाव घेतले. वर्तन आरोग्य विज्ञानाच्या गटात मानसशास्त्रज्ञ आहे, अर्थात पुनर्वसन परिषदेकडे नोंदला जाणारा क्लिनिकल वगळून. एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक आहेत, मधुमेह शिक्षक आणि स्तनपान सल्लागारही आहेत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवायला किमान ३,६०० तासांचे शिक्षण लागते. विवाह समुपदेशक आणि शाळेतला समुपदेशक कुठे बसतो, हे यादी वाचून सांगता येत नाही.

या कायद्याचा पहिला मोठा झटका २०२५ मध्ये बसला. उच्च शिक्षणाच्या नियामकाने जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. अनेक विषयांच्या बी.ए.मधूनही फक्त हा विषय काढून घ्यायला सांगितले. हेतू समजतो, कारण समोर माणूस न बसवता हे काम शिकता येत नाही. पण तालुक्याच्या गावातली शिक्षिका, आशा कार्यकर्ती किंवा मुले मोठी झाल्यावर पुन्हा अभ्यासाला लागलेली गृहिणी याच दाराने या क्षेत्रात येत होती, आणि नियमित एम.ए.ची सोय अजून मुख्यतः शहरांतच आहे.

त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी आत्महत्यांच्या संदर्भात देशभरासाठी निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला. 'पात्र' कुणाला म्हणायचे याची राज्याची नोंदवही अजून तयार व्हायची आहे, आणि मधला तो 'किंवा' पाहून मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या जुन्या समुपदेशकांना हसू आले असेल.