‘एक भाषा आली की बाकीच्या आपोआप येतात’ : एक खुलासा

एक प्रोग्रामिंग भाषा पक्की झाली की दुसरीत फक्त लिहिण्याची पद्धत बदलते आणि अनुभवी माणसाला ती शनिवार-रविवारात जमते, असा समज आपल्या क्षेत्रात वर्षानुवर्षे फिरतो आहे. जावावरून सी-शार्पकडे जाणाऱ्याच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरतो, कारण त्या भाषा जवळजवळ भावंडेच आहेत. पण तेवढ्यावरून नियम काढणे चूक आहे.

२०१५ साली जिची १.० आवृत्ती आली त्या रस्ट या भाषेचेच पाहा. पायथॉनमध्ये ‘अ’ या चलातली यादी ‘ब’ला दिली, की दोन्ही नावे एकाच यादीकडे बोट दाखवतात आणि दोन्ही वापरता येतात. रस्टमध्ये स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) बाबतीत तीच ओळ लिहिली, तर त्या मजकुराची मालकी ‘ब’कडे जाते, आणि पुढच्या ओळीत ‘अ’ छापायला गेलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात बदलतच नाही. मुरलेला माणूस येथे बहुधा जागोजागी क्लोन (म्हणजे मजकुराची वेगळी प्रत काढणे) लावून वेळ मारून नेतो (मीही तेच केले होते). प्रोग्राम चालतो, भाषा मात्र शिकायची राहते.

लूप आणि अटींवरचे धडे अशा माणसाने खुशाल गाळावेत. मेमरी कोण मोकळी करते, चूक कशी कळवली जाते (‘गो’ या भाषेत ती सहसा फंक्शनच्या उत्तरासोबतच परत येते) या प्रश्नांना वेळ द्यावा. आणि लॉग फाइलमधले शब्द मोजण्यासारखा हातखंडा प्रोग्राम नव्या भाषेत लिहून, तो तिच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या (भाषेसोबतच मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातल्या) कोडशेजारी ठेवून वाचावा.