गोंजारण्याचा वेग

मायेने फिरलेला हात मेंदूच्या भागांमधल्या जोडण्या घडवतो का? हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत यायला विसावे शतक जवळजवळ संपावे लागले.

1928 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन पालकांना बजावत होते, मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका. पुढे 1958 मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी आईपासून तोडलेल्या माकडाच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. दूध तारेच्या नकली ‘आई’कडे असतानाही पिल्ले कापडी ‘आई’लाच बिलगून राहत. प्रयोग क्रूर होते, वाचताना आजही पोटात कालवते. पण माया म्हणजे निव्वळ दुधाची ओढ, हा समज त्यांनी मोडला.

दरम्यान शरीरशास्त्रज्ञांच्या हाती एक वेगळाच धागा लागला होता. 1939 मध्ये स्वीडनच्या इंग्वे सॉटरमन यांना मांजराच्या त्वचेत हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारे अतिशय मंद चेतातंतू आढळले. माणसात ते उरले नसावेत असे कित्येक वर्षे मानले गेले. जिवंत माणसाच्या नसेत बारीक सुई घालून संदेश टिपण्याचे तंत्र स्वीडनमध्येच विकसित झाले आणि 1990च्या दशकात हे तंतू माणसाच्या हातावरही सापडले. नेहमीचा स्पर्शसंदेश सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो, या तंतूंमधला जेमतेम एक मीटर. जलद संदेश नेणारे जाडे स्पर्शतंतू गमावलेल्या एका रुग्णाच्या हातावर मऊ ब्रश फिरवला, तेव्हा तिला अंधुक पण सुखद जाणीव झाली. मेंदूत भावनांशी निगडित इन्सुला हा भाग जागा झाला, स्पर्शाचा नेहमीचा पट्टा मात्र नाही. हे 2002 साली प्रसिद्ध झाले. 2009 मध्ये कळले की सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने फिरणारा ब्रश या तंतूंना सर्वाधिक चेतवतो. म्हणजे आपण बाळाला गोंजारतो, साधारण तोच वेग!

जोडण्या मोजायची युक्ती दुसरीकडून आली. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतल्या दूरच्या भागांची क्रियाही एका लयीत चढउतार करते, हे संशोधक भरत बिस्वाल यांनी 1995 मध्ये दाखवले. लय जितकी जुळते, तितकी त्या भागांची जोडणी घट्ट मानतात. त्याच आधारावर 2016 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पाचेक वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. खेळताना ज्यांच्या आया अधिक स्पर्श करत, त्या मुलांच्या मेंदूतल्या सामाजिक आकलनाशी निगडित भागांच्या जोडण्या अधिक घट्ट दिसल्या.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. हा सहसंबंध आहे. लाडिक मूलच अधिक स्पर्श ओढून घेत असेल. उंदरांमध्ये 1999 साली पिल्लांची अदलाबदल करून पाहता आली, आणि ताणाला सामोरे जाण्याची त्यांची रीत जन्मदात्रीवर नव्हे, तर चाटून वाढवणाऱ्या मादीवर ठरली. माणसाच्या लेकरांची अशी अदलाबदल कोणी करू नये.